पाण्याची उतरंड

हिवाळ्यात निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीवर पक्षी पाहावयास जाणाऱ्यांची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु ही मंडळी चापडगावच्या बाजूस पोहोचताच 'रोहित कोठे आहेत?' एवढेच विचारतात, दुर्बिणीतून दूरवरच्या गुलाबी रेषेचे दर्शन घेतात आणि त्या पक्ष्यांच्या पायाखाली पाणी किती आहे याची चौकशीही न करता माघारी वळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आजच्या थोड्या मिनिटांत मला बोलावयाचे आहे ते पाण्याच्या खोलीविषयी. किंबहुना, पाणी खोल नसण्याविषयी.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी १९०७ ते १९११ या काळात जो बंधारा बांधला गेला, तो कालव्यांत पाणी वळविण्याच्या हेतूने. पुढे दोन्ही नद्यांनी वर्षानुवर्षे वाहून आणलेला गाळ त्याच्या पोटात साचत गेला, गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणकणसे व लव्हाळी माजली, आणि साठवणीच्या हिशेबात जी तूट, तीच पाखरांच्या खात्यावर जमा झाली. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले. २०२० साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत महाराष्ट्रातून पहिले नाव लागले ते याच स्थळाचे. हा मान गाळाने मिळवून दिला आहे, हे कृपा करून विसरू नका.

आजीच्या स्वयंपाकघरातील उतरंड आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तळाशी मोठा डेरा, त्यावर मडके, मडक्यावर गाडगे आणि सर्वांत वर इवलेसे बोळके. प्रत्येकात जिन्नस निराळा, आणि कोणत्या भांड्यात काय आहे हे घरधनिणीच्या हाताला अंधारातही ठाऊक. नांदूरचे पाणी अशाच उतरंडीने मांडलेले आहे. नदीचा खोल प्रवाह हा तळचा डेरा. तेथे पाणकावळे बुडी मारून माशांचा पाठलाग करतात. त्यावरचे मडके गुडघाभर पाण्याचे. तेथे चमचा नावाचा शुभ्र पक्षी आपली चपटी चोच किंचित उघडी ठेवून डावीउजवीकडे फिरवीत चालतो आणि चोचीला काही लागताक्षणीच ती मिटतो. त्यावरचे गाडगे वीतभर पाण्याचे; तेथे तलवार बदके शेपूट आकाशाकडे करून तळाशी मान घालतात, थापट्या पाणी गाळून त्यातील बारीक जीव टिपतो, आणि शेकाट्या आपले लांब गुलाबी पाय टाकीत हिंडतो. उरले वरचे बोळके, म्हणजे ज्या बोटभर ओलीला चिखल म्हणून आपण नाक मुरडतो ती. तुतारी आणि पाणलावा यांचा सारा निर्वाह त्या ओलीवर आहे. पाणलाव्याच्या लांब चोचीचे टोक इतके संवेदनशील असते की, चिखलात दडलेला किडा त्याला डोळ्यांवाचून कळतो.

आता पाणी हातभर चढले, तर काय होईल? पहिल्याने रिकामे होते ते बोळके, त्यामागोमाग गाडगे. डेरा मात्र काठोकाठ भरलेला दिसतो, आणि मनोऱ्यावरून पाहणारा म्हणतो, 'वा, यंदा तळे तुडुंब आहे, पाखरांची चंगळ!' अहो, ती चंगळ नव्हे, उपासमार आहे! पुन्हा सांगतो, कारण नेमके हेच ऐकावयाचे राहून जाते: तुडुंब पाणी म्हणजे पुष्कळ पक्षी, हा समज खरा नाही. रामसर कराराच्या व्याख्येतही समुद्राचे पाणी पाणथळ म्हणून धरावयाचे, ते ओहोटीच्या वेळी सहा मीटरांहून खोल नसेल तेवढेच.

तेव्हा दिवसभर तेथे बसा. सकाळी उन्हे तिरपी असताना बोळक्याकडे पाहा. दुपारी बदके झोपेत असतात, तेव्हा पाणकणसांवरून तरंगत जाणाऱ्या दलदली भोवत्याकडे पाहा. आणि सायंकाळी, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब आसपासच्या शेतांकडे चरावयास निघतात, ते पाहा. परंतु जो पक्षी पाहाल त्याचा पाय कोठपर्यंत भिजला आहे, हे आधी पाहा. नावे आपोआप पाठ होतील. पाय पाहण्याची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

पाण्याची पातळी येथे चढते-उतरते ती केवळ पावसाने नव्हे. दारणा आणि गंगापूर या धरणांतून सोडलेले पाणी येथे येते आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याच्या शेतांकडे जाते. रब्बीचे आवर्तन सुटले की बंधाऱ्यातील पातळी हलते, आणि शेतकऱ्याची निकड खरी असल्याने त्याविषयी तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. परंतु पातळी एकदम न हलविता हळूहळू हलविता आली, तर चिखलाचा पट्टा पुरता बुडणार नाही आणि पुरता सुकणारही नाही. यासाठी पाटबंधारे खाते व वनखाते यांनी एकत्र बसून काय तजवीज करावी, याचा तपशील मी लिहून आणला होता, पण समोरच्या घड्याळात आता अर्धेच मिनिट उरले आहे. तेव्हा निदान एवढे करा: पक्षीगणनेस जाल तेव्हा वहीत जाती आणि संख्या यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा आणि त्यात पाण्याची खोली लिहा, बोटभर, वीतभर, गुडघाभर, जशी दिसेल तशी.