वाढतीं मुलें आणि उपकारांची जाणीव

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांविषयीं वडीलधाऱ्यांची एक तक्रार फार जुनी आहे: त्यांना केल्याची जाणीव नाहीं. शहरांतील घरांत ती ऐकूं येते, तशी सुमारें ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या आसपास, मेळघाटांतील आश्रमशाळांतही ऐकूं येते. तेथें ती अधिक कडक होते. कारण अन्न, वस्त्र आणि पुस्तकें सरकारनें दिलेलीं असतात. इतकें मिळूनही मुलगा उलट बोलला, वर्गांत मुका बसला किंवा संधि साधून डोंगर उतरून घरीं गेला, कीं त्याला कृतघ्न म्हणण्यास वेळ लागत नाहीं.

हा निवाडा उतावीळपणाचा आहे. कोरकू मूल आईच्या मांडीवर जी भाषा शिकतें, ती मराठीच्या कुळांतली नव्हे. ती ऑस्ट्रो-आशियाई कुळांतली आहे. कोंवळ्या वयांत तें वसतिगृहांत येतें, आणि मनांतलें दुःख परक्या शब्दांत मांडण्याची पाळी त्याच्यावर येते. मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लांकडी खांब उभारणाऱ्या समाजाच्या मुलाला कृतज्ञता ठाऊक नाहीं, असें कोणीं म्हणावें? मागून घेतलेली कृतज्ञता ही कर्जाची वसुली होय, आणि वसुलीला आलेल्या माणसासमोर शहाणीं माणसेंही दार लावून घेतात.

संकटाला तोंड देण्याच्या रीतींचा विचार लाझारस आणि फोकमन या अमेरिकन अभ्यासकांनीं १९८४ सालच्या ग्रंथांत विस्तारानें केला. एक रीत अडचणीलाच हात घालण्याची, दुसरी मनाचा क्षोभ आवरण्याची. नापास झालेला मुलगा गणितें पुन्हा सोडवूं लागला तर ती पहिली; मित्रापाशीं मन मोकळें करूं लागला तर ती दुसरी. दोन्ही आपापल्या जागीं कामाच्या आहेत. ज्याची आई वारली त्याला पहिलीचा काय उपयोग? बिघाड होतो तो मूल अडचण नाकारूं लागतें, स्वतःलाच बोल लावतें किंवा नशेकडे वळतें तेव्हां. वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या ठायीं कृतज्ञता अधिक, ते मदत मागतात, उपाय योजतात, आणि या आडवाटांना कमी जातात, असें तींत आढळलें. मात्र तेवढ्यावरून कारण कोणतें आणि कार्य कोणतें, हें ठरत नाहीं.

अमेरिकेंतच फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं २२१ शाळकरी मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं मुलांनीं दोन आठवडे रोज आनंदाच्या, आभाराच्या पांचपर्यंत गोष्टी लिहिल्या, कांहींनीं कटकटी लिहिल्या. पहिलीं अधिक समाधानी दिसलीं. पण पुढें असे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हां त्यांचा परिणाम बेताचाच निघाला. वही म्हणजे कांहीं औषधाची पुडी नव्हे.

चिखलदऱ्याशीं ज्यांचें नांव जोडलें गेलें, त्या सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांचें आयुष्य येथें बोलकें आहे. गरोदरपणांत घराबाहेर काढलेल्या या बाईनें गोठ्यांत मुलीला जन्म दिला. त्या वेळीं एक गाय आपल्यावर राखण करीत उभी राहिली, असें त्या सभांतून सांगत. त्या गाईची आठवण त्यांनीं पुढें वर्ध्यास गोरक्षण केंद्र काढून जपली. चिखलदऱ्यास त्यांनीं मुलींचें वसतिगृह उभें केलें. अनाथ मुलांत आणि पोटच्या मुलींत दुजाभाव होऊं नये म्हणून त्यांनीं आपली मुलगी पुण्यास दुसऱ्यांच्या हवालीं केली, हें मात्र सर्वांस पटेलच असें नाहीं. म्हातारपणीं पति परत आला, तेव्हां त्यांनीं त्याला आसरा दिला तो मूल म्हणून. अन्याय विसरल्यावांचूनही उपकार आठवतां येतो, हें येथें दिसतें. वाढत्या मुलाला हीच गांठ सुटत नाहीं. शाळेचे आभार मानले तर घरापासून तोडल्याचें दुःख खोटें ठरेल, असें त्याला वाटतें.

होळी हा कोरकूंचा मोठा सण. त्याच्या ओढीनें मुलें घरीं जातात आणि कित्येक उशिरां परततात. गैरहजेरीचा जाब विचारण्याआधीं आजीनें काय खाऊं घातलें, रस्त्यावर फगवा किती जमला, हें शिक्षकानें विचारलें आणि मुलानें अर्धें मराठींत, अर्धें कोरकूंत सांगितलें, तर गैरहजेरीचें कारण बहुधा त्यांतच निघतें.