माशाचे बियाणे, आपले बियाणे



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत माशाची गोष्ट कशाला, असे वाटेल. पण ही गोष्ट बियाण्याचीच आहे.

नॉर्वेत समुद्रात जाळी बांधून सॅमन मासा पाळतात. आयपीएन या विषाणूरोगाने त्याची पिल्ले झपाट्याने मरत. २००८-०९ मध्ये स्कॉटलंड व नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की काही माशांत या रोगाला तोंड देण्याची ताकद उपजतच असते आणि ती बहुतांशी जनुकांच्या एकाच जागेवर ठरते. बाहेरचे जनुक घातले नाही. तसे नर-मादी निवडून त्यांचीच अंडी पाळणाऱ्यांना दिली. २००९ साली नॉर्वेत दोनशेवर ठिकाणी रोग होता; २०१३ मध्ये तो साठाच्या आत आला.

पण २०२१ मध्ये या तगड्या माशांनाही मारणाऱ्या नव्या विषाणूची नोंद झाली. २०१७ साली गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली, तेव्हा आम्हीही हेच भोगले.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. शास्त्राला आडकाठी नको आणि एकाच जनुकावर भिस्तही नको. संशोधन थांबू नये, वाण अनेक असावेत, निवड शेतकऱ्याची असावी.