पानें पाहण्यापूर्वीं

पत्त्यांच्या खेळाचे नियम सर्वत्र एकच असतात अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं गणपतीच्या जागरणाच्या रात्रीं मुलुंडमधील एखाद्या बिऱ्हाडांत डोकावून पाहावें. सतरंजीवर चौघे बसलेले असतात. एक रत्नागिरीकडचा पाहुणा, एक साताऱ्याचे मेहुणे, एक शेजारी आणि चौथा घरचाच कॉलेजांतला मुलगा. मेंढीकोटाचे दोन हात होतात न होतात तोंच कोणीतरी म्हणतो, “आमच्याकडे असें नसतें!”

त्याचें म्हणणें खोटें नसतें. बावन्न पानें, समोरासमोर बसलेले भिडू आणि चार दश्श्यांसाठीं चाललेली झुंज, इतकें सर्वत्र सारखें. परंतु हुकूम ठरवावा कसा? कोणी बंद हुकूम खेळतात, म्हणजे एक पान पालथें ठेवून देतात आणि एखाद्याजवळ उतारीच्या रंगाचें पान नसलें म्हणजे तें उघडतात. कोणी कट हुकूम खेळतात. ज्याच्याजवळ उतारीच्या रंगाचें पान नाहीं, तो जें दुसरें पान टाकील त्याचाच रंग त्या डावाचा हुकूम होतो. या दुसऱ्या प्रकारांत डावाचा मुख्य कायदा डाव चालूं असतांच जन्माला येतो. तरीहि त्यावरून कोणी भांडत नाहीं, कारण तो कसा जन्मावा हें चौघांनीं आधींच मान्य केलेलें असतें.

भांडण होतें तें निराळ्या ठिकाणीं. बदामसातांत लावण्याजोगें पान हातीं असतां ‘पास’ म्हणतां येतें कीं नाहीं, याविषयीं घरोघर निराळा रिवाज आढळतो. चार फेऱ्या निमूटपणें झाल्यावर, इस्पिकची सत्ती अडवून बसलेला गडीच जेव्हां “आमच्याकडे चालतें” असें सांगतो, तेव्हां इतरांचा राग त्या नियमावर नसतो. तो सांगण्याच्या वेळेवर असतो. हाच नियम पानें वाटण्यापूर्वीं सांगितला असता तर कोणाचीच हरकत नव्हती.

नवा नियम करणें कित्येकदां अपरिहार्यहि होतें. मुलुंडहून बोरीबंदरकडे जाणाऱ्या धीम्या गाडींत मांडीवरील बॅगेचें टेबल करून डाव मांडला जातो. कुर्ल्याला किंवा दादरला एक गडी उतरतो. त्याचीं पानें शेजाऱ्यानें उचलावीं, कीं डाव मोडावा? कोणत्याहि पुस्तकांत याचें उत्तर नाहीं. तें चौघांनाच द्यावें लागतें, आणि दुसऱ्या दिवशीं तोच त्या टोळीचा कायदा होतो.

घरच्या खेळांत तर आपण बुद्धिपुरस्सर नियम शिथिल करतों. पांच-सहा वर्षांचें मूल हट्टानें डावांत बसलें, कीं तें ‘कच्चें लिंबू’ ठरतें. त्याची चूक मोजली जात नाहीं. हा पक्षपातच खरा; पण तो उघड असतो, सर्वांच्या संमतीनें असतो आणि दुर्बळाच्या बाजूनें असतो. म्हणून तो कोणाला बोंचत नाहीं.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनीं गोट्या खेळणाऱ्या मुलांचें निरीक्षण करून १९३२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळलें तें असें: लहान मुलें नियम अढळ मानतात, पण प्रत्यक्ष खेळतात ज्याच्या त्याच्या मनासारखें, मोठीं मुलें, सर्वांची संमति असेल तर नियम बदलतां येतो हें जाणतात, आणि म्हणूनच तो अधिक काटेकोर पाळतात.

संमतीनें केलेला बदल खेळाची उन्नतीहि करतो. १९२५ सालीं पनामा कालव्यांतून जाणाऱ्या बोटीवर हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनीं ब्रिजच्या गुणांची नवी पद्धत आपल्या सोबत्यांसह खेळून पाहिली, आणि कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जगभर पसरला. परंतु तेथेंहि नवी पद्धत आधीं सांगून मगच पानें वाटलीं गेलीं.

आपल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदांत असेंच एक तत्त्व आहे. कृत्य घडलें त्या वेळीं जो कायदा अंमलांत होता, त्याच्याच भंगाबद्दल मनुष्याला दोषी ठरवतां येतें. मागाहून केलेल्या कायद्यानें नव्हे. सतरंजीवरील मुलाला हा अनुच्छेद ठाऊक नसतो. पण वडील माणसानें स्वतःचीं पानें पाहून नियम फिरवला, तर आपल्यावर अन्याय झाला हें त्याला तत्काळ कळतें. त्याहून वाईट म्हणजे, मोठेपणीं असेंच करावयाचें असतें, हेंहि तो शिकून ठेवतो.

तेव्हां जागरणाच्या रात्रीं पत्ते पिसतांना एवढें विचारावें: “आज कसें खेळावयाचें?” आणि मध्येंच मतभेद निघाला, तर चालूं डाव जुन्या रिवाजानें पुरा करावा, नवा नियम पुढील वाटपापासून लागू करावा. त्यापायीं एखादी दश्शी हातची जाईल. ती जाऊं द्यावी.