यजमान कोण?

(सांगली येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहलीला राहायची खोली ऑनलाइन शोधणे हा काय आपल्या बैठकीत बोलायचा विषय झाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. मलाही तसेच वाटायचे. साताऱ्याला आमच्याकडे पोटगीच्या, मारहाणीच्या तक्रारी येतात. त्यातून सहलीला सवड कुठली!

पण दोन वर्षांपूर्वी मी आणि तुमच्या सांगलीचीच एक कार्यकर्ती, आम्ही दोघींनी महाबळेश्वरात दोन दिवस राहायचे ठरवले. मोबाइलवर खोली शोधली, पैसे भरले, माझ्या नावावर नोंद झाल्याचा संदेश आला. पोचलो तर काउंटरवरचा माणूस आमच्या मागे कुणाला तरी शोधत राहिला. "सोबत जेंट्स कोणी नाहीत?" नाही म्हटल्यावर उत्तर आले, "नुसत्या लेडीजना आम्ही खोली देत नाही." स्त्री आहे एवढ्याच कारणावरून कुणालाही हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही, हे घटनेच्या 15व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. मी ते त्याला सांगितलेही. तो म्हणाला, मालकांशी बोला. मालक फोन उचलेनात. रात्री आठ वाजता, थंडीत, हातात पिशव्या घेऊन घटना समजावणे किती अवघड असते ते तेव्हा कळले. शेवटी ओळखीच्या एका घरी झोपलो.

हा किस्सा मी आमच्या गटात सांगितला, तेव्हा कास भागातल्या एक मावशी हसल्या. "ताई, तुमच्या नावावर नोंद तरी व्हती. माझ्या घरात पावणं येत्यात, पर मलाच ठावं नसतं."

त्यांचे म्हणणे मी नीट ऐकून घेतले. कासचे पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांचा हंगाम. पठारावर जायचीही नोंदणी ऑनलाइन. आलेल्या माणसांना राहायला जागा लागते, म्हणून मावशींच्या घरामागे दोन खोल्या बांधल्या. पुण्याला असलेल्या मुलाने त्या एका संकेतस्थळावर टाकल्या. मोबाइल नंबर त्याचा, पॅनकार्ड त्याचे, बँकेचे खातेही त्याचे. संकेतस्थळवाले आपले कमिशन कापून घेतात, ते पंधरा-वीस टक्क्यांपर्यंतही जाते. उरलेले त्या खात्यात जमा होते. मावशींना फक्त फोन येतो, "आई, उद्या आठ माणसं येतायत." एकदा अंगात ताप असताना सोळा जणांच्या भाकऱ्या थापल्या. खोलीचा दर किती, हे त्यांना एका पाहुणीने सांगितले! गॅसच्या टाकीचे पैसे मात्र मुलाकडे मागायचे.

मी ते पान उघडून पाहिले. पाहुण्यांनी खाली भरभरून लिहिले आहे, मावशींची भाकरी, मावशींचा ठेचा, मावशींची माया. आणि वर यजमान म्हणून फोटो मुलाचा. आपल्या भाषेने तरी काय करावे! पाहुण्यांचे आदरातिथ्य करणारा तो यजमान, आणि बाईचा नवरा तोही यजमान. राबणारी बाई त्यात कुठेच दिसत नाही.

राज्य सरकारचे 2023 सालचे "आई" पर्यटन धोरण तुम्हाला माहीत असेल. पर्यटन व्यवसाय महिलेच्या मालकीचा असेल आणि तीच तो चालवत असेल, तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो. चांगले आहे. पण मला भीती वाटते ती सरपंचपतींचीच. अर्जावर सही आईची आणि मोबाइल मुलाच्या खिशात, असे इथेही होणार. शिवाय घर कुणाच्या नावावर आहे, हे आधी विचारले जातेच. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नवरा-बायको दोघांची नावे लावण्याचा निर्णय 2003 सालचा. आपल्यापैकी किती जणींच्या घरी तो पोचला? हात वर करा. बघा, मोजायला एक हातही पुरेल.

मावशींच्या बाबतीत आम्ही फार मोठे काही केले नाही. त्यांचे बँकेत खाते होतेच, गटाचे. पॅनकार्ड काढले. साधा स्मार्टफोन गटाच्या कर्जातून घेतला. मुलाला घरी बोलावून समोरासमोर बसलो. तो वाईट मुलगा नाही, पण दुखावला गेला. "मी काय आईला लुबाडतो?" म्हणाला. मग म्हणाला, "तिला यातलं काय कळतंय." मी म्हटले, दर ठरवताना नाही तर नाही, पण किती माणसांना आपण रांधू शकतो हे तिच्याइतके कुणाला कळणार? दोन तास गेले. पैसे अजूनही निम्मेच मावशींच्या खात्यात येतात. ते भांडण संपलेले नाही. पण तारखांचे पान आता त्यांच्या फोनवर उघडते. कुठली तारीख खुली ठेवायची, कुठली बंद करायची, हे बोटाने दाबायला त्यांची नात शिकवून गेली.

गेल्या वर्षी गौरी आल्या त्या ऐन हंगामात. गिऱ्हाईक सर्वात जास्त ते तेव्हाच. मावशींनी तिन्ही दिवस बंद केले. मुलाचा पुण्याहून फोन आला, चिडून, की किती नुकसान झाले. मावशी म्हणाल्या, "लेकी यायच्यात माझ्या. त्यांना कुठं झोपवू, अंगणात?"