बायोडेटा नको, चालती साइट दाखवा

जालन्यात बियाणे विकणारा माणूस शेतकऱ्यापुढे प्रमाणपत्र ठेवून थांबत नाही. रस्त्याकडेच्या शेतात तो प्रात्यक्षिक प्लॉट लावतो, वाणाच्या नावाचा फलक ठोकतो आणि म्हणतो, आधी उभे पीक पाहा, मग पिशवी घ्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये याच शहरात महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्यात या जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते असे, डोळ्यांनी पाहता येणाऱ्या मालावर.

फ्रीलान्स वेब डेव्हलपर होऊ पाहणारा इथला तरुण मात्र अजून बायोडेटाच पाठवतो. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, खाली ‘मेहनती व प्रामाणिक’. सोबत प्रोजेक्ट म्हणून कामांची यादी ठेवणारे एक अ‍ॅप आणि एखाद्या नामांकित साइटची नक्कल. क्लासमधल्या बाकीच्या मुलांकडेही नेमके हेच असते.

मग तो अपवर्क किंवा फायवरवर खाते उघडतो. तिथे भोकरदनच्या मुलाची गाठ ढाका, लाहोर आणि मनिला इथल्या मुलांशी पडते. काम सारखेच दिसत असेल तर गिऱ्हाईक फक्त दर पाहते, आणि दर पाडण्याच्या खेळात नवा माणूस फार दिवस टिकत नाही. तिथे जाऊच नये असे नाही. पण जाताना काहीतरी वेगळे हाती असावे.

ते वेगळे जिल्ह्यातच आहे. रेशीम कोषांचे घ्या. मराठवाड्यातले रेशीम उत्पादक पूर्वी कोष विकायला थेट कर्नाटकातल्या रामनगरला जात. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी-विक्री सुरू झाली. आता कल्पना करा, एखाद्या मुलाने या शेतकऱ्यांसाठी एकच पान केले: आजची तारीख, कमाल, किमान आणि सरासरी भाव, मागच्या महिन्याचा आलेख. मराठीत, शेतातल्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर्कवरही चटकन उघडणारे. ते पान रोज अद्ययावत ठेवायचे तर डेटाबेस लागतो, लॉगिन लागते, चुकीचा आकडा अडवणारी तपासणी लागते, बॅकअप लागतो. म्हणजे अख्खा पोर्टफोलिओ झाला. औद्योगिक वसाहतीतल्या सळईचे भाव, भौगोलिक मानांकन मिळालेल्या मोसंबीची बाग, बियाणे कंपनीची वाणसूची, कडवंचीची द्राक्षे, प्रत्येकातून असे एक काम निघते. शिवाय भावात ‘कमाल’ आणि ‘सरासरी’ यांत फरक का पडतो, हे इथल्या मुलाला घरीच कळलेले असते. बाहेरच्या डेव्हलपरला ते आधी शिकावे लागते.

मराठी साइट नीट करणे हेही स्वतंत्र कसब आहे, आणि ते फार थोड्यांकडे आहे. कित्येक कार्यालयांचा आणि छापखान्यांचा जुना मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये अडकलेला असतो. तो युनिकोडमध्ये आणला नाही तर गूगलला सापडत नाही. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांत अंतर वाढवले की देवनागरीची शिरोरेषा तुटते. ओळींची उंची कमी ठेवली की वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे फॉन्ट फुकट उपलब्ध आहेत. ‘.भारत’ने संपणारा देवनागरी पत्ता तर २०१४ पासून घेता येतो. हे सगळे माहीत असलेला मुलगा पुण्यातल्या कंपनीलाही हवा असतो.

नीट लिहिण्याचा धडाही याच जिल्ह्यातला आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी जन्मलेले समर्थ रामदास लोकांना मनाचे श्लोक आणि त्यांनी स्थापलेले मारुती यांमुळे ठाऊक. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास तितका वाचला जात नाही. तो लेखनक्रियेवर आहे: अक्षर आरंभापासून शेवटापर्यंत सारखे असावे, ओळी सरळ याव्यात, दुसऱ्याला वाचताना अडू नये. कोड लिहिणाऱ्याला याहून वेगळे काय सांगायचे? सहा महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला तो कोड उघडावा लागतो. त्याला तो कळला तर पुढचे काम येते.

जिल्ह्याबाहेरच्या गिऱ्हाइकासाठी कामाचा पुरावा मुक्त सॉफ्टवेअरमधून मिळतो. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसवर आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट चालतात. त्यातली एखादी चूक दुरुस्त केली, मराठी अनुवादाला हातभार लावला, की ते काम नावानिशी सर्वांसमोर राहते. थीम चिकटवून पाच पाने करून देण्याचा धंदा मात्र आता संपत चालला आहे. तशी पाने एआय काही मिनिटांत करून देते. हॅक झालेली साइट सोडवणे, अडकलेले पेमेंट शोधणे, वर्षभराची देखभाल, यांचे पैसे पुढेही मिळतील.

पैशांचे बोलायला आपली मुले लाजतात. लाजू नये. काय करायचे, किती वेळा बदल करून द्यायचे, हे आधी लिहून घ्यावे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती काम घेण्याआधी केलेली असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार मिळतो: लेखी करार असला तरी बिल चुकते करायला जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उलट डेव्हलपरनेही डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यावे. ते स्वतःच्या नावावर ठेवून पुढे अडवणूक करणे ही लबाडी आहे, आणि जालन्यासारख्या शहरात ती आठवड्यात सगळ्या मोंढ्याला कळते.

सभागृहात बसलेल्या व्यापारी आणि उद्योजक मंडळींना शेवटी एक विनंती. ‘तुझा सराव होईल’ असे म्हणून ओळखीच्या पोराकडून फुकट साइट करून घेऊ नका. काम सांगताना निम्मी रक्कम आगाऊ द्या, आणि काम पसंत पडले तर शेजारच्या दुकानदाराला त्याचा नंबर द्या.