खेळण्यातला जकातनाका

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मक्तेदारी आणि बाजारपेठांची विभागणी या विषयावर बोलताना पोलाद, औषधे किंवा बियाणे यांची उदाहरणे देण्याचा प्रघात आहे. मी आज मुलांच्या खेळण्याचे उदाहरण घेणार आहे. खेळणे क्षुल्लक वाटेल. पण मोठ्या यंत्रात जे झाकलेले राहते ते कित्येकदा लहान यंत्रात उघडे दिसते.

दूरदर्शन संचाला जोडून खेळायचे कन्सोल आणि त्याच्या खोबणीत बसवायचे कार्ट्रिज आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आपल्याकडे त्याला सर्रास 'कॅसेट' म्हणत, जरी आत फीत नसून चिपा बसवलेली एक पट्टी असे. आज हीच जुनी यंत्रे जपणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्यापुढे एक चमत्कृतिपूर्ण अडचण येते. जपानमध्ये रीतसर विकत घेतलेले कार्ट्रिज अमेरिकेतील यंत्रात चालत नाही. अमेरिकेतील कार्ट्रिज युरोपातील यंत्र नाकारते. माल अस्सल, पैसे पूर्ण दिलेले, यंत्रही त्याच कंपनीचे. मग अडते कोठे?

निन्टेन्डो कंपनीने १९८३ च्या जुलैमध्ये जपानमध्ये 'फॅमिकॉम' विक्रीस आणले. तेच यंत्र १९८५ मध्ये नवे नाव आणि नवे कवच घेऊन अमेरिकेत गेले. जपानी कार्ट्रिजला ६० पिना होत्या, अमेरिकी कार्ट्रिजला ७२. शिवाय अमेरिकी यंत्रात एक कुलूप-चिप बसवण्यात आली. तिची जोडीदार चिप कार्ट्रिजमध्ये असे. यंत्र सुरू होताच दोन्ही चिपा ठरलेल्या लयीत एकमेकींना संकेत पाठवीत. संकेत जुळले नाहीत, तर यंत्र दर सेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होई आणि पडद्यावर नुसती उघडझाप चाले. अमेरिकेची चिप वेगळी, युरोपची वेगळी. आणि युरोपातही ब्रिटन व इटलीसाठी एक, तर इतर बहुतेक देशांसाठी दुसरी.

यावर उत्तर दिले जाते की, ही सारी तांत्रिक अपरिहार्यता होती. हे उत्तर पूर्णपणे खोटे नाही, आणि म्हणूनच ते तपासले पाहिजे. जपान व अमेरिकेतील दूरदर्शनचे चित्र सेकंदाला ६० वेळा रेखले जाई, तर युरोपातील बहुतेक देशांत आणि भारतात ५० वेळा. त्यामुळे ६० च्या हिशेबाने लिहिलेला खेळ ५० च्या यंत्रावर जवळजवळ एक षष्ठांशाने मंद चाले. हा भेद खरा आहे. परंतु जपान आणि अमेरिका यांच्यात असा भेद नव्हता. तेथील भिंत निसर्गाने घातलेली नव्हती.

पुरावा हवा असेल, तर त्याच कंपनीचे पुढचे यंत्र पाहा. 'सुपर फॅमिकॉम' १९९० मध्ये जपानमध्ये आणि त्याचा अमेरिकी अवतार १९९१ मध्ये अमेरिकेत आला. दोन्हींतील कुलूप-चिपा परस्परांना ओळखीत. अमेरिकी यंत्राच्या खोबणीत प्लॅस्टिकचे दोन खुंट मात्र ठेवलेले होते, जेणेकरून जपानी कार्ट्रिज आत बसू नये. पकडीने हे दोन खुंट मोडले की जपानी खेळ अमेरिकी यंत्रात बिनतक्रार चाले. प्रशांत महासागराच्या दोन किनाऱ्यांवरील बाजारपेठा विभागणारी सीमारेषा म्हणजे प्लॅस्टिकचे दोन तुकडे! त्याहून बोलका पुरावा १९८५ चा आहे. अमेरिकेत विकलेल्या 'जायरोमाइट' या खेळाच्या काही प्रती उघडल्या, तर आत जपानी ६० पिनांची पट्टी आणि तिला ७२ पिनांशी जोडणारा अडॅप्टर सापडतो. कंपनीने स्वतःची भिंत स्वतःच्या सोयीसाठी ओलांडली होती. ग्राहकाने ओलांडली, तर मात्र तो आगंतुक.

आता अर्थशास्त्राकडे वळू. एकच वस्तू निरनिराळ्या गिऱ्हाइकांना निरनिराळ्या भावाने विकण्याच्या प्रथेची मीमांसा पिगू यांनी १९२० मध्ये आणि जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये केली. या मूल्यभेदाला तीन गोष्टी लागतात: विक्रेत्याच्या हाती मक्तेदारी, निरनिराळ्या बाजारांतील मागणीची निरनिराळी लवचिकता, आणि स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात पुन्हा विकला जाणार नाही याची तजवीज. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा पाठ्यपुस्तकांत विपुल असते. तिसरी गोष्ट प्रत्यक्षात कशी साधतात, हे या खेळण्यात दिसते. खुंट, चिप आणि पिनांची बदललेली संख्या, ही ती तजवीज होय. सरकारी जकातनाक्याचा दर निदान राजपत्रात छापला जातो आणि त्यावर विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. हा खासगी जकातनाका कोणालाही उत्तरदायी नाही.

हा केवळ तर्क नाही. सुपर निन्टेन्डोच्या काळात ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात चिपेचे कुलूप नव्हते. तेथे तेच काम वितरकांकडून करवून घेतले गेले. युरोपीय आयोगाने ऑक्टोबर २००२ मध्ये निन्टेन्डो व तिच्या सात वितरकांना मिळून सुमारे १६ कोटी ७८ लाख युरो दंड ठोठावला. १९९१ ते १९९८ या काळात स्वस्त देशातील माल महाग देशात जाऊ नये म्हणून त्यांनी संगनमत केले होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. माल बाहेर जाऊ देणाऱ्या व्यापाऱ्याचा माग काढून त्याचा पुरवठा तोडला किंवा घटवला जाई. ब्रिटनमधील किमती जर्मनी आणि नेदरलँड्सपेक्षा काही वेळा ६५ टक्क्यांपर्यंत कमी होत्या. पुढे २००९ मध्ये न्यायालयाने निन्टेन्डोचा दंड कमी केला. पण संगनमताचा मूळ निष्कर्ष टिकला. ज्या युरोपने आपल्या सीमांवरील जकाती उठवल्या, त्याच युरोपात खासगी भांडवलाने त्या पुन्हा उभ्या केल्या. मुक्त व्यापाराचा जयघोष भांडवलाच्या संचारासाठी असतो. ग्राहकाने त्याच तत्त्वाने वागायचे म्हटले की त्याला 'करडा बाजार' हे नाव मिळते.

साथींनो, येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो आपल्यातीलही काही जण घेतात. ते म्हणतात, मूल्यभेद गरिबांच्या हिताचा असतो. भारतीय विद्यार्थ्याला परदेशी पाठ्यपुस्तक स्वस्त मिळते ते याचमुळे; भिंती पाडल्या तर सगळीकडे श्रीमंत देशाचाच भाव लागू होईल. या आक्षेपात तथ्य आहे. गरिबाला कमी भाव लावणे हे समाजवाद्याला अमान्य असण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, हा भाव कोण ठरवतो आणि कोणासाठी? मक्तेदार भाव उतरवतो तो गरज पाहून नव्हे, तर नफ्याचे गणित पाहून. त्या गणितात जे बसत नाहीत, त्यांना स्वस्त माल नव्हे, तर मालच मिळत नाही. 'सेइकेन देन्सेत्सु ३' हा खेळ १९९५ मध्ये जपानमध्ये निघाला. त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती २०१९ मध्ये आली. मधली चोवीस वर्षे भिंत उभी होती आणि भिंतीअलीकडे काहीच विकले जात नव्हते. स्वस्त औषध किंवा स्वस्त पुस्तक हवे असेल, तर ते कायद्याने, अनुदानाने, सार्वजनिक प्रकाशनाने द्यावे. परोपकाराचे काम कुलूप-चिपेवर सोपवू नये.

आपल्या देशाशी याचा संबंध काय? नव्वदीच्या दशकात आपल्या बाजारांत फॅमिकॉमच्या स्वस्त नकला आल्या. त्यांची खोबण ६० पिनांची होती आणि त्यांत कुलूप नव्हते. मध्यमवर्गीय घरांतील मुले खेळू शकली ती या बिनकुलपी यंत्रांवर. अनधिकृत नकलेचे मी समर्थन करीत नाही. पण अधिकृत दार सर्वांना खुले नसले, की मागील दार आपोआप पडते, हे नोंदवले पाहिजे.

आज कायद्याचे चित्र संमिश्र आहे. परदेशात रीतसर प्रकाशित झालेली प्रत येथे आणण्यास स्पष्ट मुभा देणारी तरतूद कॉपीराइट दुरुस्ती विधेयकात २०१० मध्ये होती. २०१२ मध्ये कायदा मंजूर होताना ती गाळण्यात आली. त्याच दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास शिक्षा सांगते, मात्र हक्कभंगाचा हेतू असेल तरच. ही अट मोलाची आहे. स्वतः विकत घेतलेले कार्ट्रिज स्वतःच्या यंत्रात चालवण्यासाठी खुंट मोडणारा माणूस चोर नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये सोनीच्या यंत्रात बदल करणाऱ्या चिपेच्या खटल्यात कंपनीचा दावा फेटाळला होता.

हा इतिहास संपलेला नाही. निन्टेन्डोच्या २०१७ च्या 'स्विच' यंत्राला प्रादेशिक कुलूप नव्हते. म्हणजे कुलपावाचूनही धंदा चालतो, हे कंपनीनेच सिद्ध केले. पण २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या 'स्विच २' ची केवळ जपानी भाषेची आवृत्ती जपानमध्ये ४९,९८० येनला आणि बहुभाषी आवृत्ती ६९,९८० येनला विकण्यात आली. स्वस्त आवृत्ती केवळ जपानी खात्याशीच जोडता येते. प्लॅस्टिकचा खुंट गेला आणि त्याच्या जागी भाषा व खाते आले. खुंट पकडीने मोडता येत होता. दूरच्या संगणकावरील खाते कोणत्या पकडीने मोडणार?

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. रीतसर विकलेल्या वस्तूवर विक्रीनंतर विक्रेत्याची सत्ता उरता कामा नये. अस्सल प्रतीच्या आयातीची मुभा कायद्यात स्पष्ट लिहिली जावी. कलम ६५-अ मधील हेतूची अट कोणत्याही व्यापारी कराराच्या दडपणाखाली सोडली जाऊ नये. आणि आपली वस्तू उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा, बदलण्याचा हक्क विकत घेणाऱ्याकडेच राहावा. मग ती वस्तू मुलाचे खेळणे असो, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर असो वा रुग्णालयातील यंत्र असो.

खासगी मालमत्तेचे पावित्र्य आपल्याला उठता-बसता शिकवले जाते. ते पावित्र्य ग्राहकाच्या दारापाशी येऊन का थांबते, एवढाच प्रश्न आपण गावोगाव विचारत राहू.