साडेतीन स्टार, पण कशासाठी?



शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि शनिवार-रविवारपर्यंत वर्तमानपत्रात त्याचं परीक्षण येतं. परीक्षण चांगलं चारशे-पाचशे शब्दांचं असतं, पण बहुतेकांची नजर आधी जाते ती मथळ्याशेजारच्या स्टारवर. अडीच दिलेत? मग राहू दे, ओटीटीवर आला की बघू. साडेतीन? मग चला, तिकिटं काढा. यात वाचकाचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. चौघांच्या कुटुंबानं मल्टिप्लेक्समध्ये जायचं म्हणजे तिकिटं, जाण्यायेण्याचा खर्च आणि मध्यंतरातलं खाणंपिणं धरून खिशाला चांगलीच कात्री लागते. जाण्याआधी कुणाला तरी विचारून घ्यावं, हे रास्तच आहे.

मी सिनेमाची परीक्षणं लिहितो आणि स्टारही देतो. हे स्टार आले कुठून, ते काय सांगतात, काय सांगू शकत नाहीत आणि प्रेक्षकांनी त्यांचा उपयोग कसा करावा, याबद्दल आज बोलणार आहे.

सिनेमाला स्टार देण्याची पद्धत जवळजवळ शंभर वर्षांची आहे. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या वर्तमानपत्रात १९२८ सालच्या जुलै महिन्यात आयरीन थिरर या समीक्षक बाईंनी ती सुरू केली. त्यांचे स्टार तीनच होते. तीन म्हणजे उत्कृष्ट, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे बेताचा. ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या सिनेमाला त्यांनी एक स्टार दिला आणि प्रथा पडली. कामावर जाता जाता पेपर चाळणाऱ्या वाचकाला एका नजरेत उत्तर हवं होतं, ते मिळालं.

पुढे १९५५ साली फ्रान्समधल्या ‘काये द्यू सिनेमा’ या मासिकानं याच पद्धतीला वेगळं वळण दिलं. त्यांनी दहा समीक्षकांचा एक तक्ताच छापायला सुरुवात केली. एका बाजूला सिनेमांची नावं, वर समीक्षकांची नावं आणि प्रत्येक चौकटीत स्टार. एक स्टार म्हणजे वेळ असेल तर बघा, दोन म्हणजे बघा, तीन म्हणजे बघायलाच हवा, चार म्हणजे श्रेष्ठ कलाकृती. आणि काळा ठिपका म्हणजे जायची तसदी घेऊ नका. या तक्त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यात मतभेद उघड दिसतात. एकाच सिनेमापुढे एकाचे चार स्टार आणि दुसऱ्याचा काळा ठिपका असू शकतो. वाचक महिनोन् महिने तक्ता बघत राहिला, की त्याला कळतं, आपली आवड कुणाशी जुळते आणि कुणाशी जुळत नाही.

स्टारबद्दलची दुसरी महत्त्वाची गोष्ट शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी स्पष्ट करून सांगितली. १९७५ साली पुलित्झर पारितोषिक मिळालेले हे गृहस्थ चारपैकी स्टार देत. ‘शाओलिन सॉकर’ या सिनेमाच्या परीक्षणात त्यांनी मांडलेला मुद्दा असा, की स्टार हे तुलनेनं दिलेले असतात. मारधाडीच्या सिनेमाला तीन स्टार मिळाले, तर ते त्याच जातीच्या इतर सिनेमांच्या हिशेबात. गंभीर कौटुंबिक सिनेमाच्या तीन स्टारशी त्यांची बरोबरी करायची नाही.

आपल्याकडे हा घोळ दर आठवड्याला होतो. दोन मराठी सिनेमे घेऊ. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. ‘सैराट’नं शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. तिथवर पोचलेला तो पहिला मराठी सिनेमा. दोन्ही मला अतिशय थोर वाटतात. दोन्हींना मी चार स्टार देईन. पण ते चार स्टार वाचून ‘सैराट’वर खूश झालेला प्रेक्षक त्याच अपेक्षेनं ‘कोर्ट’ला गेला, तर त्याची गत काय होईल?

‘कोर्ट’मध्ये एका लोकशाहिरावर खटला चालतो. त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. तारखा पडतात, कागद वाचले जातात, माणसं जांभया देतात. शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि सिनेमा संपला असं वाटतं. पण ताम्हाणे पुढे जातात. सुट्टीवर गेलेले न्यायाधीश रिसॉर्टमधल्या बाकावर डुलकी घेत बसलेत, पोरं ओरडून त्यांना दचकवतात आणि ते हाताला लागलेल्या एका पोराच्या थोबाडीत ठेवून देतात. एवढाच प्रसंग. सगळ्या खटल्याचा अर्थ त्या एका थपडेत आहे, पण तो कुणी समजावून सांगत नाही. ‘सैराट’ मात्र आधी तुम्हाला हात धरून नाचवतो, विहिरीत पोहायला लावतो, आर्ची-परश्याच्या प्रेमात ओढतो. आणि शेवटी सगळा आवाज काढून घेऊन रक्तात माखलेल्या इवल्या पावलांचे ठसे दाखवतो. एकानं पहिल्यापासून अंतर राखलंय, दुसऱ्यानं मिठी मारून मग हात सोडलाय. स्टारांचा आकडा सारखा असला तरी अनुभव सर्वस्वी वेगळा आहे. हा फरक परीक्षणातल्या शब्दांत सापडेल, आकड्यात सापडणार नाही.

आता काळाचा प्रश्न. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ लागला तेव्हा काही समीक्षकांनी त्याचं थंड स्वागत केलं. परदेशी वेस्टर्न सिनेमांची उसनवारी, फार हिंसा, फार लांबी, अशी तक्रार होती. धंद्यातल्या जाणकारांनीही सुरुवातीला नाक मुरडलं. अमिताभचा जय जिवंत ठेवून शेवट बदलावा का, यावरही निर्मात्यांच्या गोटात खल झाला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाच वर्षं चालला आणि त्याच्या संवादांच्या रेकॉर्डी खपल्या.

पण यावरून ‘समीक्षकांना काय कळतं’ असा निकाल देऊन मोकळं होणं बरोबर नाही. ‘शोले’त काय पाहायचं राहून गेलं, ते नेमकं सांगता येतं. ठाकूरच्या घरच्या हत्याकांडाचा प्रसंग आठवा. गब्बर बंदूक रोखतो, समोर लहान मूल आहे. गोळी सुटते आणि त्याच क्षणी पडद्यावर येते धूर ओकत स्टेशनात शिरणारी रेल्वे. त्या गाडीतून ठाकूर उतरणार आहे. मुलाचा मृत्यू दाखवलेलाच नाही, तो दोन दृश्यांच्या सांध्यात आहे. किंवा रात्रीचा तो प्रसंग घ्या. जय माउथ ऑर्गन वाजवतोय आणि समोरच्या वाड्यात राधा एकेक दिवा मालवत जातेय. दोघांत एक शब्द नाही, तरी सगळी गोष्ट कळते. ‘शोले’ला फिल्मफेअरचा फक्त एक पुरस्कार मिळाला, तो संकलनासाठी, एम. एस. शिंदे यांना. म्हणजे सिनेमाचं बळ कशात आहे, हे कुणाला तरी दिसलं होतं. ज्या परीक्षणात अशी निरीक्षणं असतात, त्यातले स्टार पुढे चुकीचे ठरले तरी परीक्षण शिळं होत नाही.

उलट बाजूही बघा. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ साली आला आणि सपाटून पडला. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्त यांनी एकाही सिनेमाला आपलं नाव लावलं नाही. गल्ल्यालाच निकाल मानलं, तर विषय तिथं संपतो. पण त्या सिनेमात रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा एक झोत आहे आणि त्या झोताच्या आजूबाजूला नायक-नायिका अंधारात उभे आहेत. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या मदतीनं बाहेरचं ऊन आत घेऊन तो झोत मिळवला. आपल्या मराठीत अरुण खोपकर यांनी ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक लिहिलं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एखादी चौकट अशी का आहे, प्रकाश कुठून येतो, त्यानं पात्राचं काय होतं, हे त्यात शांतपणे उलगडलं आहे. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पाच स्टार छापले असते, तर त्यानं आपल्या समजुतीत काय भर पडली असती?

आता तर स्टारही मागे पडून टक्के आले आहेत. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘रॉटन टोमॅटोज’चं उदाहरण घेऊ. तिथं एवढंच मोजतात, की किती समीक्षकांचं मत अनुकूल आहे. साठ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सिनेमा ताजा, नाहीतर सडका. आता कल्पना करा. एका सिनेमाला दहाच्या दहा समीक्षकांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ असं म्हटलं. त्याला शंभर टक्के. दुसऱ्या सिनेमानं सहा जण भारावून गेले आणि चार जण चिडून बाहेर पडले. त्याला साठ टक्के. मला विचाराल तर मी आधी दुसऱ्याच सिनेमाला जाईन. ज्यावर माणसं एवढी भांडतात, त्यात काहीतरी जिवंत असणार. फ्रेंच तक्त्यात हे भांडण दिसत होतं. टक्केवारीत ते गडप होतं.

समीक्षकांनाही मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली म्हणजे, आपल्या मराठी-हिंदी परीक्षणांत अडीच ते साडेतीन या पट्ट्यात फार गर्दी झाली आहे. मराठी सिनेमाला आधीच थिएटर मिळत नाहीत, त्यात आपण कशाला दीड द्यायचा, या सद्भावनेतूनही अनेकदा तीन दिले जातात. भावना चांगली आहे, पण परिणाम वाईट आहे. सुमार सिनेमाला तीन दिले, की खरोखर चांगल्या सिनेमाचे साडेतीन हलके होतात. प्रेक्षक दोनदा फसतो आणि तिसऱ्यांदा, जेव्हा त्यानं जायलाच हवं असतं, तेव्हा घरी बसतो. मराठी सिनेमावर प्रेम असेल तर दीडला दीडच म्हटलं पाहिजे, आणि तो दीड का, हे दिग्दर्शकाला पुढच्या वेळी उपयोगी पडेल इतक्या नेमकेपणानं लिहिलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, स्टार जाहिरातीत जातात. शनिवारी दिलेले चार स्टार रविवारच्या पोस्टरवर झळकतात आणि त्यांच्या खालची ‘पण उत्तरार्ध रेंगाळतो’ ही ओळ गळून पडते. म्हणून समीक्षकानं लिहिताना स्टार शेवटी ठरवावेत. आधी सिनेमानं काय करायचं मनात धरलंय, ते कितपत साधलंय आणि ते करण्याजोगं होतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं लिहावीत. त्या उत्तरांतून निघेल तो आकडा. आधी आकडा ठरवून मग त्याला शोभेल असं लिहिलं, की परीक्षण पोकळ होतं, आणि जाणत्या वाचकाला ते लगेच कळतं.

आता तुमच्यासाठी, श्रोतेहो. चार-दोन समीक्षक निवडा आणि वर्षभर त्यांचं वाचत राहा. तुमचं त्यांच्याशी पटलंच पाहिजे असं नाही. ज्याच्याशी आपलं कायम वाजतं पण ज्याची कारणं स्वच्छ असतात, असा समीक्षकही फार उपयोगाचा. त्याला संथ वाटलेला सिनेमा आपल्याला आवडतो, हे एकदा कळलं, की त्याचे दोन स्टारही तुम्हाला थिएटरात नेऊ शकतात. आणि सिनेमा बघून आल्यावर घरात मुलांनी विचारलं, ‘कसा होता?’, तर ‘मस्त’ किंवा ‘बोअर’ म्हणून थांबू नका. एक प्रसंग सांगा आणि तो का आवडला किंवा का खटकला, ते सांगा. चांगला प्रेक्षक असाच घडतो, आणि चांगल्या प्रेक्षकाशिवाय कुठल्याही भाषेत चांगला सिनेमा टिकत नाही.

येत्या शुक्रवारी एखादा मराठी सिनेमा लागला असेल, तर परीक्षण जरूर वाचा, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग थिएटरात जा आणि तुमचे स्टार तुम्ही द्या, कारणांसकट.